स्पंजच्या होड्या आणि निळा प्रवास

तुर्कस्तानच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरची बोद्रुम, मार्मारिस, ग्योजेक आणि फेतिये ही बंदरे भूमध्य सागरातल्या भाड्याच्या यॉटची मोठी ठाणी आहेत. मे ते ऑक्टोबर या काळात तिथून गुलेत नावाच्या लाकडी नौका आठवडाभराच्या सफरीवर निघतात. सोबत कप्तान, स्वयंपाकी आणि एक-दोन खलाशी असतात. रोज एखाद-दोन खाड्यांत नांगर पडतो. प्रवासी पोहतात, जेवतात आणि रात्री बरेचदा खालच्या खोल्या सोडून डेकवरच झोपतात. या सफरीला तुर्की भाषेत ‘मावी योल्जुलुक’, म्हणजे निळा प्रवास म्हणतात. तिचा उगम नेहमी एका हद्दपार लेखकाशी जोडला जातो. ते खरे असले तरी अर्धेच खरे आहे. लेखकाने आणि त्याच्या मित्रांनी या प्रवासाला कीर्ती मिळवून दिली. होडी, वाट आणि खाड्यांची खडान्‌खडा माहिती मात्र स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांची होती. त्यांचा धंदा बसला नसता, तर निळा प्रवास बहुधा चार विद्वानांची हौस म्हणूनच संपला असता.

हा किनारा नकाशावर पाहिला तर फाटलेल्या कापडासारखा दिसतो. डोंगर थेट समुद्रात उतरतात, जमिनीची लांब टोके पश्चिमेकडे घुसतात आणि त्यांच्यामध्ये ग्योकोवासारखी खोल आखाते तयार होतात. उतारांवर पाण्यापर्यंत पाइनची झाडी आहे. समोर कोस, कालिम्नोस, सिमी आणि ऱ्होड्स ही ग्रीक बेटे आहेत. बोद्रुम द्वीपकल्पाचे टोक आणि कोस यांच्यामधले अंतर काही किलोमीटरच आहे. उन्हाळ्यात वायव्येकडून ‘मेल्तेम’ नावाचा कोरडा वारा सुटतो. तो सकाळी मंद असतो, दुपारी जोर धरतो आणि सूर्यास्ताबरोबर बहुधा पडतो. या किनाऱ्यावरच्या प्रत्येक धंद्याचे वेळापत्रक, मग तो मासेमारीचा असो की पर्यटनाचा, या वाऱ्यानेच ठरवलेले आहे.

बोद्रुम म्हणजे प्राचीन हालिकार्नासस. इतिहासकार हिरोडोटसचा जन्म इथला. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात इथे राज्य करणाऱ्या मौसोलसची भव्य कबर प्राचीन जगातल्या सात आश्चर्यांत गणली गेली. मध्ययुगातल्या भूकंपांनी ती ढासळली आणि पंधराव्या शतकात सेंट जॉनच्या लढवय्या ख्रिस्ती पंथाने तिचे दगड उचलून बंदराच्या तोंडावर किल्ला बांधला. तैमूरने १४०२ मध्ये स्मर्ना, म्हणजे आजचे इझमिर, जिंकल्यावर या पंथाला नव्या जागेची गरज पडली होती. पुढे सुलेमानाने ऱ्होड्स घेतले आणि १५२३ च्या सुरुवातीला हा किल्लाही ओटोमनांच्या हाती आला. त्यानंतरची चारशे वर्षे बोद्रुम हे आडबाजूचे गाव होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्रज पुरातत्त्वज्ञ चार्ल्स न्यूटन आला, मौसोलसच्या कबरीचे उरलेले शिल्पतुकडे खणून लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये घेऊन गेला, आणि गाव पुन्हा विस्मृतीत गेले. शतकाच्या अखेरीस किल्ल्याचा उपयोग तुरुंग म्हणून होऊ लागला.

समोरच्या बेटांचा आणि या किनाऱ्याचा खरा धंदा होता स्पंजचा. समुद्राच्या तळावर खडकाला चिकटून वाढणारा हा प्राणी. त्याचा मऊ सांगाडा तेवढा बाजारात विकला जातो. ‘इलियड’मध्ये अग्निदेव हेफेस्टस काम आटोपल्यावर स्पंजने अंग पुसतो, इतका त्याचा वापर जुना आहे. सिमी बेट ओटोमन सुलतानाला खंडणी स्पंजच्या रूपात पोचवी. पाणबुड्या हातात चपटा जड दगड धरून तळाशी जाई, श्वास टिकेल तेवढ्या वेळात स्पंज कापून जाळीत भरी आणि वरचे सोबती त्याला दोरीने ओढून घेत.

बाहेर काढलेला स्पंज काळा आणि चिकट असतो. त्यावरची कातडी आणि आतला दुधासारखा रस काढण्यासाठी खलाशी तो डेकवर पसरून अनवाणी पायांनी तासन्‌तास तुडवत. मग तो जाळ्यात घालून पाण्यात ठेवायचा, पुन्हा पिळायचा, मांस कुजून धुऊन गेले की माळेत ओवून डोलकाठीला टांगायचा. स्पंजच्या होडीचा वास त्यामुळे दुरूनही ओळखू येई. आज ज्या डेकवर गाद्या टाकून पाहुणे उन्हात पडतात, तसल्याच डेकवर हे सगळे चाले.

१८६० च्या दशकात पितळी शिरस्त्राण आणि रबरी पोशाख या भागात आला. होडीवरच्या हातपंपाने नळीतून हवा खाली जाई. पाणबुड्या अधिक खोल जाऊ लागला, अधिक वेळ राहू लागला आणि दिवसातून कितीतरी वेळा उतरू लागला. उत्पन्न वाढले, तसे मरणही. खोल पाण्यात दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन वर येताना बुडबुडे होऊन बाहेर पडतो. पाणबुड्या घाईने वर आला तर सांधे धरतात, पाय जातात किंवा जीव जातो. फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर याने १८७८ मध्ये याचे कारण मांडले आणि ब्रिटनमध्ये जॉन स्कॉट हॉल्डेनने १९०८ मध्ये टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके दिली. स्पंजच्या होडीवर ती पाळायला ना माहिती होती ना सवड. दलाल आगाऊ पैसे देऊन मोकळा झालेला असे आणि हंगाम संपण्याआधी माल हवा असे. तुर्की पाणबुडे या आजाराला ‘वुरगुन’, म्हणजे तडाखा म्हणत. कालिम्नोस बेटावर आजही ‘मिहानिकोस’ नावाचा नाच केला जातो. त्यात रांगेच्या पुढचा नर्तक काठीच्या आधाराने थरथरत्या पायांनी नाचतो, कारण तो लुळा झालेल्या पाणबुड्याचे सोंग वठवत असतो.

पहिले महायुद्ध आणि त्यामागून आलेले ग्रीक-तुर्की युद्ध यांनी या किनाऱ्याची वस्तीच बदलली. जानेवारी १९२३ मध्ये लोझानला झालेल्या कराराने ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात सक्तीची लोकसंख्येची अदलाबदल ठरली. धर्म हा त्यातला निकष होता. त्या वर्षांतल्या पळापळीसह सुमारे १२ लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसमध्ये आले, तर सुमारे ४ लाख मुसलमान तुर्कस्तानात. बोद्रुममधली ग्रीक कुटुंबे समोरच्या बेटांवर आणि पुढे मुख्य भूमीवर गेली. त्यांच्या जागी क्रीटचे मुसलमान आले. त्यांतल्या कित्येकांची घरातली भाषा ग्रीकच होती. बोद्रुमच्या पूर्वेकडच्या कुंबाहचे मोहल्ल्यात त्यांची वस्ती झाली आणि समुद्राची कामे या नव्या वस्तीने उचलली. समोरची बेटे तेव्हा इटलीच्या ताब्यात होती. ती ग्रीसला मिळाली ते दुसऱ्या महायुद्धानंतर. एकाच आखाताचे दोन काठ अशा रीतीने दोन देश झाले आणि आज गुलेतला कोसला जायचे झाले तर तासाभराच्या वाटेसाठी जकात आणि पारपत्राचे सोपस्कार दोन्हीकडे करावे लागतात.

अशा बोद्रुममध्ये जेवात शाकिर काबाआचली हद्दपारीची शिक्षा भोगायला आला. त्याचा जन्म १८९० चा, घराणे ओटोमन सरदारांचे. चुलता साम्राज्याचा वजीर-ए-आझम होता, वडील पाशा. चित्रकार फाहरेलनिसा झैद आणि आलिये बेर्गेर या त्याच्या बहिणी. ऑक्सफर्डला शिकून आलेल्या या तरुणाच्या हातून १९१४ मध्ये वडिलांना गोळी लागली आणि ते मेले. त्यासाठी त्याला दीर्घ मुदतीची शिक्षा झाली आणि क्षय झाल्यामुळे सुमारे सात वर्षांनी सुटका मिळाली. इस्तंबूलमध्ये तो मासिकांसाठी चित्रे काढी आणि लिही. १९२५ मध्ये, कुर्दी उठावामुळे सरकार धास्तावलेले असताना, पळून गेलेल्या सैनिकांना फाशी दिल्याची एक हकीगत त्याने साप्ताहिकात छापली. लष्करात अप्रीती पसरवल्याचा ठपका ठेवून अंकाराच्या विशेष न्यायालयाने त्याला बोद्रुमला तीन वर्षांची किल्लेकैद ठोठावली.

गावात पोचल्यावर मात्र त्याला किल्ल्यात डांबले गेले नाही. समुद्राकाठी भाड्याने घर घेऊन राहण्याची मोकळीक मिळाली. शिक्षेचा उरलेला काळ इस्तंबूलला काढायचा हुकूम आला तेव्हा तो नाइलाजाने गेला आणि मुदत संपताच परत आला. त्यानंतर सुमारे वीस वर्षे त्याने बोद्रुममध्ये काढली. त्याने मासेमारी केली, स्पंजवाल्यांबरोबर समुद्रावर दिवस काढले आणि परदेशातून बिया मागवून गावात झाडे लावली. बोद्रुमचे ओळखचिन्ह बनलेल्या बोगनवेलीचे श्रेय गावकरी त्यालाच देतात. ‘हालिकार्नास बालिक्चिसी’, म्हणजे हालिकार्नाससचा मच्छीमार, या टोपणनावाने त्याने कथा-कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतले नायक पाणबुडे, खलाशी आणि होड्या बांधणारे सुतार आहेत. त्याच्याआधीच्या तुर्की साहित्यात समुद्र असला तरी तो बहुधा इस्तंबूलच्या खिडकीतून दिसणारा होता. मुलांच्या शाळेसाठी १९४७ मध्ये तो इझमिरला राहायला गेला आणि तिथे पर्यटकांना वाट दाखवण्याचे काम करू लागला. हद्दपारीच्या आठवणींचे त्याचे ‘मावी सुरगुन’, म्हणजे निळी हद्दपारी, हे पुस्तक १९६१ मध्ये आले.

निळ्या प्रवासाची सुरुवात १९४० च्या दशकाच्या मध्यास झाली. जेवात शाकिरचा मित्र साबाहात्तिन एयुबोउलू हा साहित्याचा अभ्यासक, निबंधकार आणि अनुवादक. शिक्षणमंत्री हसन आली युजेल याच्या कारकिर्दीत जगातले अभिजात ग्रंथ तुर्कीत आणण्याची जी सरकारी योजना चालली, तिच्यातला तो एक कर्ता माणूस होता. त्याने आणि त्याच्या मित्रांनी बोद्रुमहून स्पंजची होडी भाड्याने घेतली आणि ग्योकोवाच्या आखातात गेले. होडीत खोल्या नव्हत्या, संडास नव्हता, बर्फ नव्हता. बरोबर सुका पाव, चीज, चहा, तंबाखू, राकी आणि पिण्याचे पाणी घ्यायचे; बाकी समुद्र देईल ते. वर्तमानपत्र आणि रेडिओ जाणूनबुजून घरी ठेवायचे. रात्री डेकवर किंवा पुळणीवर झोपायचे. कप्तान आणि खलाशी तेच, जे एरवी स्पंज काढत. कुठल्या खाडीत मेल्तेमपासून आडोसा आहे, कुठे गोड्या पाण्याचा झरा आहे, कुठे तळ वाळूचा असल्याने नांगर नीट धरतो, हे फक्त त्यांनाच ठाऊक होते.

पुढच्या वर्षांत या मंडळीत ग्रीक-लॅटिनची पंडित आझ्रा एरहात आली. विद्यापीठातून तिला १९४८ मध्ये काढून टाकण्यात आले होते. कवी ए. कादिर याच्या साथीने तिने ‘इलियड’ तुर्कीत आणले. साबाहात्तिनचा भाऊ, चित्रकार-कवी बेद्री राहमी, हाही या सफरींना येई; ग्योजेकजवळच्या एका खाडीत त्याने खडकावर रंगवलेला मासा आजही प्रवाशांना मुद्दाम दाखवतात आणि ती खाडी त्याच्याच नावाने ओळखली जाते. या लोकांसाठी प्रवास हा चालता-बोलता अभ्यासवर्ग होता. दिवसा लिसियन थडगी आणि पडकी नाट्यगृहे पाहायची, रात्री होमरवर वाद घालायचे. त्यांचे म्हणणे असे की, होमर आणि हिरोडोटस यांची भूमी आनातोलिया आहे. म्हणून ही संस्कृती पश्चिमेकडून उसनी घेण्याची गरज नाही, ती तुर्कांच्या पायाखालचीच आहे. आझ्रा एरहातच्या ‘मावी आनादोलू’ (१९६०) आणि ‘मावी योल्जुलुक’ (१९६२) या पुस्तकांनी हा विचार आणि हा प्रवास दोन्ही शहरी वाचकांपर्यंत पोचवले.

हा विचार उदार होता, पण त्यात एक मोठी पोकळी होती. तीन हजार वर्षांपूर्वीच्या आयोनियन माणसाशी नाते सांगणारी ही मंडळी, वीस-पंचवीस वर्षांपूर्वी याच गावांतून गेलेल्या ग्रीक शेजाऱ्यांबद्दल फारसे बोलत नसत. ज्या ओसाड खाड्यांच्या एकांताचे ते वर्णन करत, त्यांतल्या काही तरी अदलाबदलीमुळेच ओसाड पडल्या होत्या. फेतियेजवळचे कायाक्योय हे रिकाम्या ग्रीक घरांचे गाव निळ्या प्रवासाच्या वाटेपासून पायी जाण्याइतकेच दूर आहे. तरीही सरकारच्या दृष्टीने ही मंडळी धोक्याचीच होती. १२ मार्च १९७१ च्या लष्करी हस्तक्षेपानंतर साबाहात्तिन एयुबोउलू, आझ्रा एरहात आणि त्यांचा मित्र वेदात ग्युन्योल यांना गुप्त साम्यवादी संघटना चालवल्याच्या आरोपावरून काही महिने तुरुंगात ठेवले गेले. पुढे ते निर्दोष सुटले. साबाहात्तिन आणि जेवात शाकिर दोघेही १९७३ मध्ये वारले, बेद्री राहमी १९७५ मध्ये. ज्यांनी हा प्रवास गाजवला ती पिढी त्याचा धंदा होण्याच्या सुमारासच संपली.

बोद्रुमला जगाच्या नकाशावर आणणारी दुसरी गोष्टही स्पंजवाल्यांमुळेच घडली. १९५३ मध्ये त्यांच्या जाळ्यात डिमिटर देवीचा ब्राँझचा अर्धपुतळा आला. ती बातमी ऐकून १९५८ मध्ये अमेरिकन पत्रकार पीटर थ्रॉकमॉर्टन बोद्रुमला आला आणि स्पंजच्या होडीवर राहू लागला. कप्तान केमाल आरास याने त्याला बोलता बोलता केप गेलिदोन्याजवळच्या पाण्यात पाहिलेल्या धातूच्या जुन्या ढिगाविषयी सांगितले. तो ढीग म्हणजे इसवी सनापूर्वी १२०० च्या सुमारास बुडालेले जहाज होते. १९६० मध्ये जॉर्ज बास याने त्याचे उत्खनन केले. समुद्रतळावरचे प्राचीन जहाज पुरातत्त्वज्ञांनी स्वतः बुडी मारून पूर्णपणे खणण्याची ती पहिली वेळ. पुढे १९८२ मध्ये मेहमेत चाकिर या पाणबुड्याने काश गावाजवळ उलुबुरुनच्या पाण्यात कान असलेल्या बिस्किटांसारखे धातूचे तुकडे पाहिल्याचे सांगितले. तिथे सुमारे दहा टन तांबे आणि एक टन कथील घेऊन निघालेले, इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकातले जहाज सापडले. त्याचे उत्खनन १९८४ पासून १९९४ पर्यंत चालले. या दोन्ही जहाजांतल्या वस्तू बोद्रुमच्या किल्ल्यातल्या संग्रहालयात आहेत.

तोवर स्पंजचा धंदा उतरणीला लागला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखान्यात बनलेला स्वस्त स्पंज आला आणि न्हाणीघरातून, मोटारी धुण्याच्या जागेतून नैसर्गिक स्पंज हद्दपार झाला. १९८६ च्या सुमारास पूर्व भूमध्य सागरात स्पंजवर रोग पसरला आणि तळावरचे स्पंज सडून गेले. होड्या होत्या, माणसे होती, काम नव्हते. पर्यटकांना फिरवणे हा त्यांच्यासाठी शौक नव्हता. हंगामभर रिकाम्या पडणाऱ्या होडीचे कर्ज फेडण्याचा तो मार्ग होता. कित्येक घरांत बाप स्पंजवाला आणि मुलगा गुलेतचा कप्तान, असा बदल एका पिढीत झाला.

होडीचा बदल त्याहून बोलका आहे. स्पंजवाल्यांची आवडती होडी होती तिरहंदिल. ती दोन्ही टोकांना निमुळती, लांबीच्या सुमारे एक-तृतीयांश रुंद आणि कडेला बुटकी असते, म्हणजे पाणबुड्याला वर चढवून घेणे सोपे जाते. मागून येणारी लाट तिच्या निमुळत्या पाठीवर दुभंगते. समुद्रासाठी हा आकार उत्तम. पण मागच्या निमुळत्या भागात पलंग मावत नाही, टेबलही मावत नाही. पर्यटक आल्यावर सुतारांनी मालवाहू गुलेतचा रुंद, गोलाकार पाठीचा घाट घेतला. मागच्या डेकवर बारा जणांची पंगत बसेल असे टेबल आले, त्यामागे गाद्या आल्या, खाली सहा-आठ खोल्या आणि प्रत्येकीला न्हाणीघर आले. डोलकाठ्या राहिल्या, पण शिडे बहुतेक वेळा गुंडाळलेलीच असतात आणि नौका इंजिनवर चालते. जाहिरातीच्या फोटोपुरती ती उघडतात, ही कप्तानांची नेहमीची थट्टा. १९८९ मध्ये सुरू झालेल्या ‘बोद्रुम कप’ या शर्यतीचा एक हेतू हाच होता की, लाकडी यॉटच्या कप्तानांनी शिडे चालवण्याचे कसब विसरू नये.

हे बांधकाम मार्मारिसजवळच्या बोझबुरुनमध्ये आणि बोद्रुमच्या इच्मेलेर भागात चाले. आराखडा कागदावर कमी आणि उस्तादाच्या डोक्यात अधिक. तळाचा कणा बसवला की मधल्या दोन-तीन फासळ्या साच्याने कापायच्या. बाकीच्यांचा बाक लवचीक पट्टी लावून नजरेने ठरवायचा. फासळ्यांसाठी मुळातच वाकडी वाढलेली पाइनची लाकडे डोंगरातून हुडकून आणत, कारण सरळ लाकूड कापून वळण काढले तर ते रेषेवर चिरते. फळ्यांच्या फटींत कापसाचे पीळ ठोकून वर लांबी भरायची. महोगनी, साग आणि थर चिकटवून केलेले लाकूड नंतर आले. नौका १६-२० मीटरांच्या होत्या तोवर ही पद्धत पुरली. ३०-४० मीटरांच्या झाल्या तेव्हा अभियंता, संगणकावरचे आराखडे आणि बऱ्याच ठिकाणी पोलादी सांगाडाही लागला.

धंद्याला आकार देण्यात कायद्याचाही हात होता. १ जुलै १९२६ पासून लागू झालेल्या कायद्याने तुर्की बंदरांमधली माल-प्रवासी वाहतूक तुर्की निशाणाच्या जहाजांसाठी राखून ठेवली. ओटोमन काळातल्या परकीय सवलतींचा राग त्यामागे होता. पर्यटनाचा विचार कुणाच्या स्वप्नातही नव्हता. पण पन्नास वर्षांनी त्याच कायद्याने स्थानिक गुलेतला परदेशी यॉटच्या स्पर्धेपासून मोठे संरक्षण दिले. १९८० च्या लष्करी बंडानंतर परकीय चलन मिळवण्यासाठी सरकार पर्यटनाकडे वळले. १९८२ च्या पर्यटन प्रोत्साहन कायद्याने मरिना आणि यॉट यांना सवलती दिल्या. दालामानचा विमानतळ १९८१ मध्ये नागरी वाहतुकीला खुला झाला आणि मार्मारिस-फेतियेचा किनारा युरोपपासून काही तासांवर आला. बोद्रुमला मात्र जवळच्या मिलासचा विमानतळ १९९७ मध्ये मिळाला.

शेजारच्या देशांत हीच सफर वेगळ्या वाटेने आली. ग्रीसमध्ये राणी फ्रेडेरिकाच्या पुढाकाराने १९५४ मध्ये युरोपातल्या राजघराण्यांना एका जहाजावर बोलावून बेटांची सैर घडवली गेली, ती देशाच्या पर्यटनाची जाहिरातच होती. पण तिथला भाड्याचा यॉट-व्यवसाय वाढला तो १९७० च्या दशकात, ब्रिटिश कंपन्यांनी आणलेल्या ताफ्याच्या पद्धतीमुळे. त्यात फायबरग्लासच्या दहा-बारा छोट्या शिडाच्या होड्या एकत्र निघत. चालवणारे पाहुणेच असत आणि पुढच्या होडीवर जाणता कप्तान व दुरुस्तीचा माणूस असे. युगोस्लाव्हियाने १९८३ मध्ये एड्रिआटिक किनाऱ्यावर सरकारी मरिनांची साखळी उभी केली. या दोन्ही ठिकाणी पाहुण्याने स्वतः शीड हाताळणे हा रिवाज झाला. तुर्की किनाऱ्यावर खलाशांसकट नौका भाड्याने घेणे रूढ राहिले, कारण इथे नौकेबरोबर माणसेही रिकामी होती.

सफरीचा दिनक्रम जुन्या होड्यांचाच आहे. वारा उठण्याआधी, पहाटे-सकाळी पुढचा टप्पा गाठायचा आणि दुपारपर्यंत आडोशाला लागायचे. खाडीत शिरल्यावर कप्तान नौकेचे तोंड समुद्राकडे वळवतो, पुढचा नांगर खोल पाण्यात सोडतो आणि पाठ किनाऱ्याकडे करत मागे येतो. एक खलाशी दोर दातांत किंवा खांद्यावर घेऊन पोहत जातो आणि खडकाला किंवा पाइनच्या बुंध्याला बांधतो. काठाजवळ तळ एकदम खोल जात असल्यामुळे नुसत्या नांगरावर नौका वाऱ्याने गोल फिरून शेजारच्या नौकेवर आदळेल. म्हणून ही दोन टोकांची बांधणी. ग्योकोवातल्या सेदिर बेटावरची गोल कणांची पांढरी वाळू अँटनीने क्लिओपात्रासाठी इजिप्तहून आणली, अशी दंतकथा प्रत्येक कप्तान सांगतो. प्रत्यक्षात ते कण चुन्याचे थर चढत जाऊन बनलेले आहेत आणि आता तिथून चिमूटभर वाळू नेणेही गुन्हा आहे. त्याच आखातातल्या ‘इंग्लिश बंदर’ खाडीत दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लढाऊ होड्या दडून राहत. दात्चा द्वीपकल्पाच्या टोकाला क्निडोसची दोन प्राचीन बंदरे आहेत. प्राक्सिटेलिसने घडवलेली ॲफ्रोडाइटची नग्न मूर्ती पाहायला तिथे दोन हजार वर्षांपूर्वीही प्रवासी जहाजाने येत.

गर्दी वाढली तसे निर्बंध आले. १९८७ मध्ये दाल्यानजवळच्या इझतुझू पुळणीवर, जिथे समुद्री कासवे अंडी घालतात, हॉटेल बांधण्याची योजना विरोधामुळे रद्द झाली आणि त्यानंतर ग्योकोवा, फेतिये-ग्योजेक, केकोवा असे किनाऱ्याचे मोठे पट्टे विशेष संरक्षित ठरले. केकोवाच्या बुडालेल्या भिंतींवर नांगर टाकायला आणि तिथे पोहायला बंदी आहे. ग्योजेकच्या खाड्यांत झाडांच्या साली दोरांनी सोलवटू लागल्या, तेव्हा झाडाला दोर बांधणे बंद करून किनाऱ्यावर लोखंडी खुंट बसवले गेले. दुसरीकडे ग्योकोवाच्याच उत्तर काठावर, मोठ्या विरोधानंतरही, कोळशावरचे केमेरक्योय वीजकेंद्र उभे राहिले. २०२१ च्या ऑगस्टमधल्या वणव्याची आग त्याच्या आवारापर्यंत पोचली आणि किनाऱ्यावर अडकलेल्या लोकांना होड्यांतून बाहेर काढावे लागले. खाड्यांतले सांडपाणी रोखण्यासाठी मुला प्रांतात प्रत्येक यॉटला ‘निळे कार्ड’ दिले जाते. नौकेची टाकी ठरावीक ठिकाणी रिकामी केल्याची नोंद त्यावर होते, आणि तपासणीत नोंद नसेल तर कप्तानाला दंड होतो.